फोरमनसाहेबांचं मौन

पक्षी बघायला डोळे लागतात, अशी आपली सगळ्यांची भाबडी समजूत असते. फोरमनसाहेबांचीही होती, आणि डोळ्यांच्या बाबतीत त्यांना कुणी नावं ठेवू शकलं नसतं. छापखान्यात उभा जन्म काढलेला माणूस. शिशाच्या अक्षरांचे उलटे खिळे वाचून वाचून नजर अशी तयार झालेली, की दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला अनुस्वार त्यांना धावत्या बसमधून दिसायचा आणि मग दिवसभर सलायचा. पण पक्षी बघायला खरं म्हणजे तोंड लागतं. मिटून ठेवता येईल असं तोंड. ते मात्र त्यांच्याकडे नव्हतं.

यात त्यांचा तरी काय दोष? सगळी यंत्रं एकदम धडधडत असताना पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ‘शाई कमी कर’ हे ज्याला ऐकवता येतं तोच पुढे फोरमन होतो. बाकीचे मदतनीस म्हणूनच निवृत्त होतात. साहेब निवृत्त झाले तेव्हा यंत्रं मागे राहिली आणि आवाज तेवढा घरी आला. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून चहा मागितला, की समोरच्या शिकवणीवाल्या बाईंकडची मुलं पाढा विसरायची. एखादं गुपित सांगायचं असलं तर ते तोंडाजवळ आडवा हात धरत. आवाजात त्याने काही फरक पडत नसे, पण गुपित आहे एवढं सगळ्या इमारतीला कळायचं.

त्यांची पत्नी, जिला सगळी इमारत वहिनी म्हणते म्हणून आपणही वहिनीच म्हणू, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून वहिनींनी जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि स्वतः ‘नमस्कार’ आणि ‘बोला’ यापलीकडे फारसं काही म्हटलं नाही. साहेबांची दिवसपाळी, वहिनींची बहुतेक रात्रपाळी. त्यामुळे त्यांचा संसार झाला तो मुख्यतः जिन्यात. एक जण चढतोय, एक जण उतरतोय आणि मधल्या पायरीवर दूध, मुलीची शाळा, गॅस असा कारभार. बोलायचं म्हणून जे काही असतं ते सगळं साहेबांनी निवृत्तीनंतरसाठी मागे ठेवलं होतं. दोघं समोरासमोर बसू आणि एकेक विषय काढू, असा त्यांचा बेत होता. वहिनींनीही निवृत्तीसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. त्यांना शांतता हवी होती.

आणि वहिनी पक्षिमित्र मंडळात जायला लागल्या.

दर रविवारी सकाळी मंडळ पाणीपुरवठ्याच्या तलावावर जमायचं आणि काठावर बसून राहायचं. जेवणवेळेला वहिनी परत यायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी असायचं, की साहेब वर्तमानपत्र खाली ठेवून बघत राहायचे. हा चेहरा त्यांनी जिन्यात कधी पाहिला नव्हता.

"काय दिसलं?" ते विचारायचे.

"दिसलं नाही विशेष. ऐकलं," वहिनी म्हणायच्या आणि कुकर लावायला जायच्या.

खरं सांगायचं तर त्यांना पक्ष्यांशी काही देणंघेणं नव्हतं. चिमणी, कावळा, कबुतर एवढ्या ओळखीपाळखीवर त्यांचं आजवर उत्तम चाललं होतं. पण रविवारची सकाळ एकट्याने काढायला ते निवृत्त झाले नव्हते. वहिनी तलावावर जातात तर आपणही तलावावर जाणार. त्या विहिरी मोजायला गेल्या असत्या तर साहेबांनी विहिरी मोजल्या असत्या.

मंडळाचे प्रमुख होते गावातले दंतवैद्य. दंतवैद्यांना धंद्याने एक सवय लागलेली असते. समोरच्याचं तोंड उघडं असावं, पण त्यातून उत्तर येऊ नये. तीच सवय त्यांनी तलावावर थोडी सुधारून चालवली होती, म्हणजे तोंडही बंद. झाडाच्या सालीच्या रंगाचं जाड कापड शोधून त्यांनी शिंप्याकडून त्याचं जाकीट आणि रुंद काठाची टोपी शिवून घेतली होती. ते घालून ते एकदा बसले की हलायचे नाहीत. ‘अंगावर मुंगी चढली तर चढू द्यावी, तिला तिचं काम असतं,’ हे त्यांचं वाक्य मंडळात प्रसिद्ध होतं.

आणि त्यांचं एक दुःख होतं. मानमोडी नावाचा पक्षी त्यांना आयुष्यात दिसला नव्हता. चिमणीपेक्षा जरा मोठा, सालपटासारखा करडा-तपकिरी, मानेपासून पाठीपर्यंत एक काळी रेघ. थंडीत पाहुणा येतो, मुंग्या खातो, आणि चाहूल लागली की मान अशी काही पिळतो की बघणाऱ्याचीच मान दुखावी. मंडळातल्या पोरासोरांना तो दिसला होता, डॉक्टरांच्या सुट्टीवर आलेल्या मेव्हण्याला दिसला होता, डॉक्टरांना मात्र नाही. त्याचं मोठं रंगीत चित्र त्यांनी दवाखान्यात खुर्चीच्या बरोबर समोर लावलं होतं. त्यामुळे झालं असं होतं, की गावात ज्याची ज्याची दाढ दुखली होती तो प्रत्येक जण मानमोडी झोपेतही ओळखू शकत होता. साहेबांच्या तर दोन दाढा गेल्या होत्या.

साहेबांची पहिली फेरी फारच थोडक्यात आटोपली. काठावर सगळे बसले, दुर्बिणी डोळ्यांना लागल्या, पाण्यावर बदकं, चिखलात बगळे, सगळं कसं यथासांग चाललं होतं. एवढ्यात साहेबांना समोरच्या झाडावर पांढरं काहीतरी फडफडताना दिसलं. त्यांनी तोंडाजवळ आडवा हात धरला आणि वहिनींना म्हणाले, "अगं, तो बघ तिकडे."

बदकं उठली. बगळे उठले. पलीकडच्या काठावर गळ टाकून पेंगत बसलेला एक मनुष्यही उठला. ज्याच्यासाठी हे सगळं झालं तो पांढरा पक्षी तेवढा जागचा हलला नाही, कारण ती फांदीला अडकलेली पिशवी होती.

डॉक्टरांनी दुर्बीण हळूच खाली घेतली.

"फोरमनसाहेब," ते म्हणाले, "तुमच्याबद्दल मला आदर आहे. वहिनी तर आमच्या मंडळाचा कान आहेत. म्हणून एक संधी देतो. पुढच्या रविवारी एक पूर्ण फेरी. शब्द नाही, खुणा नाहीत, खाकरणं नाही, शिंक नाही. जमलं तर तुम्ही सभासद. नाही जमलं तर वहिनी येतील, तुम्ही यायचं नाही. परत कधीच."

"शिंक कशी थांबवायची?"

"हे विचारतानासुद्धा," डॉक्टर म्हणाले, "एक खंड्या उडाला."

घरी येताना साहेब गप्प होते. आपला असा पाणउतारा छापखान्यातही कधी झाला नव्हता, आणि तिथे मालक शिव्या द्यायचे. शिवी परवडली, कारण तिला शिवी देऊन उत्तर देता येतं. या माणसाने आदर आहे म्हणून सुरुवात करून बोलायची सोयच ठेवली नव्हती. जिना चढता चढता त्यांनी मनाशी पक्कं केलं. रविवारपर्यंत आपण मौन पाळायचं. सवय झाली म्हणजे एक सकाळ काय, डाव्या हाताचा मळ. हे त्यांनी वहिनींना कागदावर लिहून सांगितलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना अजिबात कळू द्यायचं नाही, असं खाली दोनदा अधोरेखित केलं. आपल्याला बोलणं आवरत नाही म्हणून क्लास लावल्यासारखा सराव करतोय, हे जगाला कशाला कळायला हवं?

‘मिठाची गुळणी धरून बसणं’ हा वाक्प्रचार ज्याने काढला त्याने तो स्वतः करून पाहिलेला नसावा. साहेबांनी पाहिला. मीठ बाजूला ठेवून साध्या पाण्याने सुरुवात केली. अर्ध्या वर्तमानपत्रापर्यंत बरं चाललं. मग मथळ्यात एक ऱ्हस्व वेलांटी दीर्घ झालेली दिसली आणि गुळणी वर्तमानपत्रावर, सतरंजीवर आणि काही अंशी वहिनींच्या दुर्बिणीवर गेली. लवंग चघळून झाली. ओठ मुडपून झाले. शेवटी नुसतं गप्प बसणंच त्यातल्या त्यात सोपं आहे, असं त्यांच्या ध्यानात आलं.

पण तलावाला पासही लागतो. पहिल्या खेपेला पाहुणे म्हणून खपून गेलं होतं, आता स्वतःचा पास हवा, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. म्हणून साहेब पाणीपुरवठा कार्यालयात गेले आणि खिडकीतून चिठ्ठी सरकवली: ‘पक्षी बघण्यासाठी तलावाचा पास हवा आहे.’

खिडकीतल्या कारकुनाने चिठ्ठी वाचली, साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी ओठांवर बोट ठेवून मान हलवली. आता, न बोलणाऱ्या माणसाला ऐकूही येत नाही अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. कारकून खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि साहेबांच्या कानात ओरडला, "आजोबा, पाणी आमचं. पक्षी आमचे नाहीत. पक्षी वनखात्याचे."

साहेब एक पाऊल मागे सरकले. आपल्या तोंडावर कुणी एवढ्या मोठ्याने बोललं की कसं वाटतं, याचा त्यांना हा पहिलाच अनुभव होता. तो फारसा चांगला नव्हता. त्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिली: ‘पक्षी तुमच्या पाण्यावर बसतात.’

"बसू देत की. बसलेल्या पक्ष्याला पास लागत नाही, उभ्या माणसाला लागतो," कारकून पुन्हा तसाच ओरडला. रांगेतली माणसं आता चांगलीच रंगली होती. "पाससाठी कारण लागतं. मासेमारी, नौका, दुरुस्ती, इतर. यातलं सांगा."

साहेबांनी ‘इतर’वर बोट ठेवलं.

"इतर नको. इतर टाकलं की वरचे साहेब विचारतात इतर म्हणजे काय. म्हणून आम्ही इतर कुणाला देत नाही." मग त्याला दया आली. "दुरुस्ती टाकतो. काय दुरुस्त करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

साहेबांनी हात जोडले, पास खिशात घातला आणि वळले, तर रांगेत मागे इमारतीतलेच विमेवाले उभे. वरच्या मजल्यावर राहणारे आणि बातमी पोटात अर्धा तासही न टिकणारे. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. साहेबांना खुलासा करायचा होता, पण खुलासा म्हणजे बोलणं आलं. त्यांनी नुसती मान हलवली, आणि मान हलवण्याने जे कळायला नको होतं तेच कळलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत झालं, की फोरमनसाहेबांची वाचा गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी बाजारात गेलेल्या असताना माणसं जमायला सुरुवात झाली. कुणी खुर्चीवर, कुणी दिवाणावर, कुणी दारात. आजारी माणसाला भेटायला जातात तेव्हा निदान तो बोलतो आणि विषय बदलता येतो. इथे तीही सोय नव्हती. त्यामुळे साहेब तिथे नाहीतच असं धरून सगळे साहेबांबद्दल बोलू लागले.

"माणूस मनाने सोन्यासारखा," कोणीतरी म्हणालं.

"होता," दारातून आवाज आला.

विमेवाल्यांनी ज्येष्ठमध आणलं होतं. तळमजल्यावरच्या निवृत्त जमादारांचा उकळलेल्या आल्यावर विश्वास होता. शिकवणीवाल्या बाईंचं म्हणणं पडलं, की घशाला शेक द्यावा, आणि बोलता बोलता त्यांनी द्यायला सुरुवातही केली. साहेब एकाच वेळी ज्येष्ठमध चघळत, आलं गिळत आणि गळ्याला गरम फडकं सोसत बसले होते. हे एकवेळ चाललं असतं. पण फडकं पालटता पालटता बाई जमादारांना हळूच म्हणाल्या, "वाईट झालं खरं. पण मुलांचे पाढे पाठ झाले हो आता. आणि मलाही दुपारचा जरा डोळा लागतो."

"डोळा लागतो हे खरं," जमादारांनी इकडेतिकडे बघत दुजोरा दिला.

साहेबांच्या मनाला हे फार लागलं. आपण इतकी वर्षं या लोकांना उपद्रव देत होतो आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही. की बोलले होते आणि आपल्यालाच ऐकू गेलं नव्हतं? हा विचार त्यांना मुळीच आवडला नाही. त्यांनी आल्याचा पेला खाली ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. विमेवाल्यांनी उचलला आणि लगेच हुंदका आवरत साहेबांच्या कानाला लावला. परगावी राहणाऱ्या मुलीला त्यांनी सकाळीच कळवून ठेवलं होतं.

"बाबा," मुलगी रडत म्हणाली, "बाबा, तुम्हाला बोलता येत नसेल तर नुसतं फोनवर टिचकी मारा."

कुठल्या बापाने टिचकी मारली असती? चार दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "अगं, मला काही धाड भरलेली नाही. तुझ्या आईबरोबर पक्षी बघायला जायचंय म्हणून गप्प बसलोय."

कपबशा वाजल्या. बाईंच्या हातातलं फडकं पडलं. आणि पुढच्या क्षणी खोलीत जो आनंद झाला त्यात साहेबांच्या बोलण्याचा अर्थ कुणी लक्षातच घेतला नाही, कारण वाचा कुणाच्या उपायाने आली यावर वाद पेटला. विमेवाले म्हणाले ज्येष्ठमध. जमादार म्हणाले, ज्येष्ठमधाने फार तर खोकला जातो. बाई म्हणाल्या, शेक लागल्यावर लागलीच बोलले, सगळ्यांनी पाहिलंय. वहिनी पिशवी घेऊन दारात आल्या तेव्हा जमादार आणि विमेवाले एकमेकांचं तोंड बघणार नाही अशा बेताला आले होते. वहिनींनी सगळ्यांचे आभार मानले, सगळ्यांनाच श्रेय दिलं आणि दार लावून घेतलं. एक्स्चेंजमध्ये भांडणाऱ्या गिऱ्हाइकांच्या लाइनी अशाच हलक्या हाताने तोडाव्या लागत.

साहेब दिवाणावर खाली मान घालून बसले होते.

"मला जमायचं नाही," ते म्हणाले. त्यांच्या मानाने हे फारच हळू होतं. एखाद्या मजल्यावरच ऐकू गेलं असेल.

"कशाला एवढा आटापिटा करताय?" वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला पक्ष्यांचं काय एवढं?"

"पक्ष्यांचं काही नाही. तू तिथे असतेस. मला तिथे यायचंय."

वहिनी भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांच्या शेजारी बसल्या. जिन्यातल्या संसारात असं शेजारी शेजारी बसणं फार क्वचित झालं होतं.

"गप्प बसायचं असं ठरवून कुणाला गप्प बसता येत नाही," त्या म्हणाल्या. "ऐकायला लागायचं. तोंड आपोआप मिटतं. आता सांगा, काय ऐकू येतंय?"

साहेबांनी ऐकलं. नळ ठिबकत होता. वर विमेवाल्यांची खुर्ची सरकत होती. खूप वेळाने, खिडकीबाहेर कुठेतरी, कुणीतरी बारीक शीळ घालत होतं.

"हा कोण?"

"शू," वहिनी म्हणाल्या. साहेब ऐकत राहिले.

रविवारी मंडळ जमलं. डॉक्टरांनी साहेबांना सगळ्यांच्या मागे बसवलं, म्हणजे आवाज आलाच तर कुठून आला यावर दुमत होऊ नये. पुढे एका ओळीत मंडळ, मधोमध एका तुटक्या वठलेल्या बुंध्याला टेकून डॉक्टर, त्यांच्या डाव्या हाताला वहिनी. समोरच्या झुडपातून मागे एका रविवारी मानमोडीचा आवाज आला होता, आणि तो वहिनींनी ओळखला होता. डॉक्टरांनी दुर्बिणीच्या काचा पुसल्या. त्यांनी एकवार मागे वळून साहेबांकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

साहेब ऐकत बसले. खरोखरच ऐकत बसले. पाण्याची काठाला लागणारी चुळबुळ, बदकांची आपसातली कुरबुर, वाळलेल्या पानावरून कसल्यातरी पायांची सरसर. बराच वेळ गेला. त्यांना बोलायचं काही सुचतच नव्हतं, आणि सुचत नाहीये हे लक्षात येऊन ते मनातल्या मनात चकित झाले. फक्त त्यांचा श्वास नेहमीप्रमाणे नाकात बारीक शिट्टी वाजवत येत-जात होता. त्याला कुणाचा इलाज नव्हता.

बुंध्यात मुंग्यांचं वारूळ होतं. मुंग्यांची रांग बुंध्यावरून डॉक्टरांच्या पाठीवर गेली, खांद्यावरून टोपीवर चढली आणि टोपीला प्रदक्षिणा घालू लागली. डॉक्टर हलले नाहीत. मुंगीला तिचं काम असतं.

मग बुंध्याच्या सालीचा एक तुकडा चालायला लागला.

साहेबांना आधी वाटलं, नजर गेली. पण तो तुकडा बुंध्यावरून टुणकन डॉक्टरांच्या टोपीवर आला, मुंग्या टिपू लागला, आणि पाठीवरची काळी रेघ स्वच्छ दिसली. दोन दाढांच्या काळात रोज समोर बघितलेला पक्षी. साहेबांपासून हातभर अंतरावर, डॉक्टरांच्या डोक्यावर. टोपीचं कापड जाड होतं, आणि डॉक्टरांना काही जाणवलं असलं तरी पान पडलं असेल असं त्यांना वाटलं असणार. ते समोरच्या झुडपात दुर्बीण रोखून बसले होते.

साहेबांच्या पोटातून हाक निघाली. ती छातीपर्यंत आली, गळ्यापर्यंत आली. त्यांनी दात आवळले. सांगावं तर पक्षी उडणार आणि रविवार कायमचा जाणार. न सांगावं तर वहिनींना दिसणार नाही, आणि वहिनींनी त्याला नुसतं ऐकलं होतं, कधी पाहिला नव्हता. साहेबांना स्वतःपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. हात हलवायचा नाही, खाकरायचं नाही. काय करावं ते न कळून त्यांनी श्वास रोखून धरला.

नाकातली शिट्टी थांबली.

वहिनींनी झटकन मान वळवली. लाइन मृत झालेली ज्या कानाला जन्मभर कळत आली, त्या कानाला मागचा आवाज बंद पडलेला कळल्याशिवाय कसा राहील? साहेबांना काही झालं की काय, या धसक्याने त्यांनी पाहिलं, तर साहेब लालबुंद होऊन, डोळे विस्फारून डॉक्टरांच्या टोपीकडे बघत होते. वहिनींनीही तिकडे पाहिलं.

त्याच वेळी डॉक्टर दुर्बिणीतून नजर न काढता, ओठ न हलवता पुटपुटले, "आजही नाही. पण सांगतो तुम्हाला, तो इथेच कुठेतरी बसलाय आणि माझ्याकडे बघतोय."

मानमोडीने टोपीच्या काठावरून मान खाली सोडली, ती पीळ घालून उलटी केली आणि दुर्बिणीच्या वरून डॉक्टरांच्या कपाळाकडे बारकाईने पाहिलं.

वहिनी हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत. इतक्या वर्षांच्या ‘नमस्कार’ आणि ‘बोला’च्या मागे जे काही दाबलेलं होतं ते सगळं एकदम सुटलं. तलावावरची बदकं उठली, बगळे उठले, टोपीवरून मानमोडी मागच्या मागे उडून झाडीत गेला.

पुढे बसलेलं सगळं मंडळ मागे वळलं, आणि साहेबांकडे बघू लागलं. वहिनींचं हसणं त्यांच्यापैकी कुणी कधी ऐकलंच नव्हतं. आवाज म्हटला की फोरमनसाहेब, हा हिशेब सगळ्यांचा पक्का झालेला होता.

डॉक्टर उठले. मुंग्या झटकायचंही भान त्यांना राहिलं नव्हतं. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले. रागापेक्षा त्यांचा आवाज रडवेला होता. "आज तो आला असता, फोरमनसाहेब. आज माझं मन सांगत होतं. तुम्ही पुढच्या रविवारपासून येऊ नका. काही म्हणायचंय तुम्हाला?"

म्हणायचं होतं. एवढं जोरदार म्हणणं साहेबांजवळ उभ्या जन्मात कधी नव्हतं. ‘डॉक्टर, तो तुमच्या डोक्यावर होता’ एवढंच म्हटलं असतं तर सगळा अपमान फिटला असता. त्यांनी तोंड उघडलं, आणि डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. या माणसाने इतक्या वर्षांच्या थंड्या काठावर बसून काढल्या होत्या. तो पक्षी आपल्या टोपीवर बसला आणि आपण समोर बघत राहिलो, हे कळल्यावर त्याने पुढचे रविवार कसे काढायचे? साहेबांनी तोंड मिटलं आणि मान हलवली.

"मी हसले, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही त्यांना पाठीशी घालू नका."

"खरंच मी हसले."

"तुमचा चांगुलपणा आहे," डॉक्टर म्हणाले, आणि मंडळाने माना डोलावल्या.

वहिनींनी दुर्बीण पेटीत घातली, पेटीचं झाकण लावलं, उठून साडीवरचं गवत झटकलं. "बरं," त्या म्हणाल्या, "मग आम्ही दोघंही निघतो."

दोघं काठाकाठाने निघाले. साहेब पुढे, वहिनी अर्धं पाऊल मागे. फाटक मागे पडलं, सडक लागली, तरी साहेब गप्पच. आता बोलायला कुणाची बंदी नव्हती, पण ते जपून पावलं टाकत होते.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "आता बोला."

"तू पाहिलास ना त्याला?"

"कुठे नीट पाहिला? मी उशिरा वळले, आणि लगेच हसू आलं. तुम्ही आधीपासून बघत होतात. पहिल्यापासून सांगा."

साहेबांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. वारूळ, मुंग्यांची रांग, चालणारं सालपट. आवाज हळूहळू चढत गेला, हात सुटले. मानमोडीने मान कशी पिळली ते दाखवायला ते सडकेच्या मधोमध थांबले आणि स्वतःची मान पिळून पुन्हा चालू लागले. सडकेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांवरून भराभरा पक्षी उडत होते. वहिनींनी एकाकडेही पाहिलं नाही.